कार्नवीच्या टेकडीवरची दुसरी रांग

म्हातारा राजा टरलॉ गेला तेव्हा मुलुखातल्या लोकांना त्याच्या जाण्यापेक्षा फर्गलचीच जास्त काळजी लागली होती. राजांची वंशावळ म्हणण्याचं काम फर्गलच्या घराण्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेलं. नवा राजा कार्नवीच्या टेकडीवर शिळेवर उभा राहिला की फर्गलने त्याच्या नावापासून सुरुवात करायची. मग बापाचं नाव, आज्याचं नाव, असं वर चढत चढत थेट प्रलयातून तारवात वाचलेल्या नोहापर्यंत जायचं. त्याशिवाय राजा काही राजा होत नसे. आणि फर्गलला तर हिवाळ्यातच अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात लुळा पडला होता आणि तोंडातून ‘आ, आ’ याखेरीज काही निघत नव्हतं. दोन्ही मुलगे तापाच्या साथीत गेलेले. उरली होती ती मुलगी, म्युरेन.

म्युरेनचा नवरा मासेमारीला गेला तो परत आला नव्हता, तेव्हापासून ती बापाकडेच होती. लहानपणी फर्गल तिच्या भावांना घरामागच्या बिनखिडकीच्या खोलीत घेऊन जाई. अंधारात उताणं झोपवून पोटावर सपाट दगड ठेवी, म्हणजे श्वास लांब पुरतो. पोरं आत नावं घोकत आणि म्युरेन भिंतीबाहेर बसून ताक घुसळे. भावांना पाठ व्हायला वर्षं लागली. तिला कधी पाठ झालं ते तिचं तिलाही कळलं नाही. भाऊ गेल्यावर फर्गलने एके दिवशी तिच्या हातातली रवी काढून घेतली आणि म्हणाला, “चल आत. दगड तुझी वाट बघतोय.”

आत त्याने तिला नावांपेक्षा जास्त काही शिकवलं. प्रत्येक नावानंतर एक श्वास थांबायचं. “का?” तिने विचारलं होतं.

“हाक मारली तर माणसाला यायला वेळ द्यावा लागतो, पोरी.”

आणि नोहापर्यंत पोचलं की तिथेच सोडून द्यायचं नाही. त्याच वाटेने एकेक नाव घेत खाली यायचं, जिवंत माणसापर्यंत. ज्यांना बोलावलं त्यांना परत पोचवायचं. आणि म्हणताना मागे वळून बघायचं नाही. म्युरेनला तेव्हा हे सगळं म्हाताऱ्यांचं बोलणं वाटलं होतं.

“आता बायका राजे करणार वाटतं!” वंशावळ म्युरेन म्हणणार हे कळल्यावर टरलॉचा पुतण्या कॉनल राजवाड्याच्या दिवाणखान्यात सगळ्यांसमोर म्हणाला.

“राजे पैदा बायकाच करतात, कॉनलराव,” म्युरेन म्हणाली. “नावं घ्यायला काय जातंय?”

लोक हसले, पाद्रीबाबाही हसले, आणि विषय तिथेच मिटला. पण कॉनलला खरा राग म्युरेनचा नव्हता. राग होता फेलिमचा, जो राजा होणार होता.

फेलिम सोळा वर्षांचा होईपर्यंत लोखलन लोहाराच्या भात्याशी वाढला होता. मग त्याची आई, लोहाराची बायको गोर्मला, दुखण्याने खंगली. तिने स्वतःला खाटेसकट राजवाड्यात आणवलं आणि भर सभेत पोराचा हात धरून टरलॉला म्हणाली, “हा तुमचा आहे.” मरणाच्या दारात उभ्या बाईचा शब्द आपल्याकडे कोणी खोडत नाही. टरलॉने पोराकडे बघितलं. पोरगा रुंद खांद्यांचा होता, आणि टरलॉच्या औरस मुलांपैकी एकही धड उरला नव्हता. “माझा आहे तर माझा,” तो म्हणाला. लोखलन दाराशी उभा होता. तो काहीच बोलला नाही. घरी जाऊन त्याने भट्टी पेटवली, आणि पुढे मरेपर्यंत या विषयावर त्याच्या तोंडून कोणी अवाक्षर ऐकलं नाही.

कॉनल पाठीमागे फेलिमला ‘भात्यावरचा राजा’ म्हणे. पण गुरं पळवणाऱ्या टोळ्यांना फेलिमने तीन वेळा पिटाळलं होतं, आणि दुष्काळात आपलं जव वाटून टाकलं होतं. त्यामुळे सरदारांनी त्यालाच निवडलं.

राज्यारोहणाच्या आदल्या दुपारी म्युरेन अंधाऱ्या खोलीत उताणी पडून नावं म्हणत होती, तेव्हा दार किलकिलं झालं.

“म्युरेन, आत येऊ का?”

“उद्या राजा होणार तुम्ही. दार तुमचंच. पण ते आधी लावून घ्या, उजेडाने माझी नावं पळतात.”

फेलिम अंधारात भिंतीला टेकून बसला. “लोक म्हणतात,” तो म्हणाला, “तुमच्या घराण्यातल्या कोणी नाव घेतलं की मेलेले येऊन मागे उभे राहतात.”

“लोक पुष्कळ म्हणतात.”

“तुझे बाबा काय म्हणायचे?”

म्युरेनने पोटावरचा दगड बाजूला ठेवला. “येतात म्हणायचे. पाठीला ऊब लागते म्हणायचे. मी काही अनुभवलं नाही. मी फक्त या खोलीत म्हटलंय, आणि इथे हाक ऐकायला कोणी नसतं.”

“मला कधी कोणी खरं सांगितलं नाही,” फेलिम म्हणाला. “आई बोलली, पण ती तापात होती. टरलॉंना मुलगा हवा होता. आणि ज्याच्या भात्याशी वाढलो तो... तो गप्पच राहिला. मी कोणाचा आहे ते उद्या तुला कळलं तर मला सांगशील?”

“कळून काय करणार?”

“माहीत नाही. पण राजा झाल्यावर मला असं विचारायची सोय राहणार नाही. आजच विचारतोय.”

तिने दगड पुन्हा पोटावर घेतला आणि पहिल्या नावापासून सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर धुकं होतं, दुपार झाली तरी न हललेलं. फेलिम एका पायात जोडा, दुसरा पाय उघडा असा शिळेवर उभा राहिला. शिळेत पावलाएवढा खळगा होता, त्यात त्याने उघडा पाय ठेवला. हातात हेझलच्या झाडाची सोललेली पांढरी काठी दिली गेली. त्याच्या डाव्या अंगाला, अर्ध्या पावलाने मागे म्युरेन. समोर सरदार, पाद्रीबाबा, गुराखी, दूध काढणाऱ्या बाया, आणि खुर्चीवर बसवून आणलेला फर्गल. मागे फक्त गवत आणि धुकं.

“फेलिम,” ती म्हणाली. आवाज ठीक लागला. “टरलॉचा मुलगा.”

एक श्वास थांबली. पाठीला काही लागलं नाही.

मग डावीकडून, जिथे कोणी असायला नको होतं तिथून, खोकला आला. कोरडा, दोन ठसक्यांचा. आयुष्यभर काजळी गिळलेल्या माणसाचा. त्या खोकल्याने फेलिमच्या मानेवरचे केस उभे राहिलेले तिने डोळ्यांनी बघितले.

टरलॉ आला, पण उशिरा. त्याच्या जड बुटांचा आवाज उजवीकडून आला आणि फेलिमच्या मागे न थांबता चार हात लांब जाऊन उभा राहिला, लग्नात भलत्याच पंगतीला येऊन बसलेल्या पाहुण्यासारखा.

पण थांबलेली वंशावळ म्हणजे मोडलेला राजा. तिने पुढचं नाव घेतलं. टरलॉच्या बापाचं. उजवीकडे तो आला, बरोबर आपल्या जागी. आणि डावीकडे, लोखलनच्या मागे, आणखी कोणी येऊन उभं राहिलं. त्याला हाक कोणी मारली नव्हती. त्याच्या पायात बूट नव्हते.

नंतर प्रत्येक नावाला तेच झालं. उजवीकडे एक, डावीकडे एक. उजवीकडून तलवारीचं म्यान वाजे, लोकरीच्या भारी कांबळ्याची सळसळ येई. डावीकडून ओल्या मातीचा, शेणाचा, धुराचा वास येई. समोरच्या लोकांना काहीच दिसत नव्हतं. पण सरदारांचे शिकारी कुत्रे शेपट्या पायात घालून जमिनीला चिकटले होते, आणि दूध काढणाऱ्या एका बाईच्या कडेवरचं तान्हं म्युरेनच्या मागे टक लावून बघत होतं, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे.

ती चढत गेली. समुद्र ओलांडून आलेला एरेमोन. त्याचा बाप मील. गायडेल, ज्याला लहानपणी साप चावला आणि मोशेने काठी लावून बरं केलं, पण मानेवर हिरवा डाग कायमचा राहिला. त्याची आई स्कोटा, मिसरच्या राजाची, फारोची लेक. फेनियस, जो बाबेलचा बुरूज पडल्यावर विखुरलेल्या भाषा गोळा करत फिरला. मागोग. याफेथ. उजवीकडे आता वाळूचा वास होता. डावीकडेही वाळूचाच.

“नोहा,” ती म्हणाली.

टेकडी गच्च झाली. उजवीकडची रांग आणि डावीकडची रांग एकमेकींच्या दिशेने सरकली, आणि सर्वांत मागे, खूप मागे, दोन्हींच्या शेवटी एकच माणूस उभा होता. त्याच्या अंगाला डांबराचा आणि भिजलेल्या लाकडाचा वास येत होता. तो एकटाच होता, म्हणजे त्याच्यासाठी डावं-उजवं नव्हतंच. म्युरेनला वाटलं, आता वळून पाहिलं तर वेड लागेल आणि नाही पाहिलं तरी लागेल.

तिने फर्गलकडे बघितलं. म्हातारा डावा हात वर करून, बोटं खाली करत, खूण करत होता. खाली ये. खाली ये.

ती खाली आली. याफेथ, मागोग, फेनियस. नाव घेतलं की उजवीकडचा माणूस जाई, दिवा मालवावा तसा. टरलॉ शेवटी गेला. “आणि त्याचा मुलगा फेलिम,” ती म्हणाली. लोकांनी आरोळी ठोकली, एका सरदाराने फेलिमच्या पायात दुसरा जोडा चढवला. फेलिम राजा झाला.

डावीकडची रांग तिथेच उभी राहिली. तिला परत नेणारं नाव कोणाकडेच नव्हतं.

मेजवानीत फेलिम एक घास जेवला नाही. म्युरेन ताकाचा वाडगा घेऊन त्याच्याजवळून गेली तेव्हा त्याने फक्त एवढंच विचारलं, “तूही ऐकलंस?”

“हो.”

“माझ्या खांद्यावर हात ठेवला त्याने. करंगळी नव्हती त्या हाताला.” लोखलनची करंगळी ऐरणीवर गेलेली, हे सगळ्या मुलुखाला माहीत होतं.

पुढच्या दिवसांत टेकडी बिघडली. मेंढ्या अर्ध्या चढावरून वळून खाली येऊ लागल्या. गवत रांगेत दबलेलं दिसे, जणू माणसं एकामागे एक उभी राहून राहून पाय बदलत असावीत. भर दुपारी कोणी हातोडा मारतंय असं गुराख्यांना ऐकू येई. दूध काढणाऱ्या एकीने सांगितलं, तिथून आणलेल्या गाईचं दूध घुसळलं तर दिवस मावळेपर्यंत लोणी येत नाही. पाद्रीबाबांनी पवित्र पाणी शिंपडलं आणि घाईघाईने उतरले. “मला नाही बाई तिथे बरं वाटत,” ते म्युरेनला म्हणाले. “कोणीतरी माझी वाट बघतंय असं वाटतं, आणि मी त्यांच्या कामाचा नाही.”

एका सकाळी फेलिम आला, एकटाच, घोड्यावरून. “ते गेले नाहीत ना?”

“मी बोलावलेच नव्हते, तर पाठवणार कसे? तुमच्यासाठी आले ते. लोखलनचे बापजादे. मला त्यांची नावं ठाऊक नाहीत, राजे. लोहारांची वंशावळ कोण म्हणतं?”

“बेव्हिनआत्याला माहीत असतील.”

बेव्हिन ही लोखलनची बहीण. पाणथळीच्या कडेला एका झोपडीत एकटी राहायची. राजा म्युरेनला घेऊन दारात उभा बघून तिने आधी पायलीभर शिव्या घातल्या. “इतक्या वर्षांनी आठवण झाली होय आत्याची! वाळलास किती. राजवाड्यात खायला घालत नाहीत?” आणि त्याच्या हातात ओटची गरम भाकरी दिली. त्याने ती उभ्यानेच खाल्ली.

“आत्या,” तो म्हणाला, “तो त्या दिवशी काहीच का नाही बोलला?”

म्हातारी चुलीतला गोवरीसारखा दिसणारा पीटचा, पाणथळीतल्या जळाऊ मातीचा, तुकडा सारखा करत राहिली. “मी विचारलं होतं त्याला. म्हणाला, पोराला तिकडे मांस मिळेल.”

फेलिमने तोंड फिरवलं. म्युरेननेच मग नावं विचारली.

“आमच्या घराण्याचं काय विचारतेस बाई. लोखलन, त्याचा बाप डूअन, त्याचा बाप कियन. कियनच्या बापाला सगळे मिशाळ म्हणायचे. खरं नाव असेलही त्याला, कोणी हाक मारली असेल तर ना! त्याच्यापुढचं देवाला ठाऊक.”

त्याच दुपारी दोघं टेकडीवर गेली. धुकं नव्हतं, लख्ख ऊन होतं, आणि तेच जास्त भयंकर होतं. शिळेपाशी पोचल्यावर हवा माणसांनी भरल्यासारखी कोंदट झाली. म्युरेनने रांगेकडे पाठ केली.

“फेलिम. लोखलनचा मुलगा.” खोकला आला. “लोखलन, डूअनचा मुलगा. डूअन, कियनचा मुलगा. कियन, मिशाळाचा मुलगा.” मागे कोणीतरी खुदकन हसलं. मिशाळच असावा.

मग नावं संपली. ती थांबली. एक श्वास. दोन. आपण किती मूर्ख आहोत असं तिला वाटायला लागलं, तोच तिच्या मानेमागे, कानाच्या पाळीला गारवा लागेल इतक्या जवळून, कोणीतरी काहीतरी म्हणालं. आवाज नव्हता तो. पण तिच्या तोंडात एक नाव आलं, तिने कधी न ऐकलेलं. तिने ते मोठ्याने म्हटलं. मागे कोणीतरी श्वास सोडला, खूप वर्षं कोंडून धरलेला.

मग पुढचा आला, कानाशी वाकला आणि आपलं नाव सांगून गेला. मग त्याच्यापुढचा. कोणी एकाच अक्षराचं नाव सांगितलं. एकाने सांगितलं ते नाव नव्हतं, गुरांना मारायची हाक होती. तीच त्याला मारली जात असावी. काहींना आपलं नाव आठवायलाच वेळ लागला, आणि म्युरेन थांबून राहिली. एक बाई आली, तिला नवऱ्याचं नाव माहीत नव्हतं, तिने स्वतःचं सांगितलं. म्युरेनने तेच घेतलं. सावली लांब झाली, नावं परकी होत गेली, मग दातांत वाळू यावी तशी झाली, आणि शेवटी डांबराचा वास आला. हे नाव तिला ठाऊक होतं.

“नोहा,” ती म्हणाली, आणि उतरायला लागली.

प्रत्येक नावाबरोबर टेकडी हलकी होत गेली. मागची हवा मोकळी झाली. बाईचं नाव घेतलं तेव्हा म्युरेनच्या खांद्याला कोणीतरी क्षणभर गाल टेकवला आणि गेलं. मिशाळ गेला. कियन, डूअन गेले. एकच उरला.

“थांब,” फेलिम म्हणाला. “हे मी म्हणतो.”

तो मागे वळला नाही, नियम त्यालाही कळले होते. पण त्याने आपला खांदा थोडा मागे केला. “लोखलन,” तो म्हणाला, आणि पुढचं म्हणताना त्याचा आवाज सोळा वर्षांच्या पोरासारखा फाटला. “आणि त्याचा मुलगा फेलिम.”

काजळीचा वास थोडा वेळ राहिला. मग गवताचा वास आला. खाली ओढ्याकाठी मेंढ्या चढणीला लागल्या होत्या.

“राजपद सोडू का?” उतरताना फेलिमने विचारलं.

“कॉनलसाठी?” म्युरेन म्हणाली. “दोन्ही रांगांच्या टोकाला एकच माणूस उभा होता, राजे. मी वास घेतलाय. तुम्ही त्याचे आहातच. कुठल्या वाटेने, ते मी सांगणार नाही.”

त्याने राजपद सोडलं नाही. बेव्हिनआत्याला त्याने दोन दुभत्या गाई दिल्या, आणि दर रविवारी तिच्याकडे भाकरी खायला जायला लागला. लोक म्हणाले, राजाला गरिबांची कळकळ. त्या दिवशी म्युरेन घरी आली तेव्हा फर्गलने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, डाव्या हाताने आपलं कांबळं ओढून तिच्या अंगावर टाकलं, आणि रात्रभर चुलीत पीट घालत जागा राहिला. तिने त्याला काही सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही. फेलिमनेही सांगितलं नाही, आणि बेव्हिनला तर टेकडीवर काय झालं ते ठाऊकच नव्हतं.

जव कापून झाल्यावर एका दुपारी दारात एक बाई आली. पाणथळीत पीट कापणाऱ्यांपैकी होती. पाय घोट्यापर्यंत काळे, पदराखाली झाकून आणलेली अंडी. म्युरेनने तिला कधी बघितलं नव्हतं.

“बाई,” ती म्हणाली, “आमच्यासाठी वर येशील का? टेकडीवर. आमच्या माणसांना पण कोणी हाक मारली नाही कधी.”

म्युरेनचे हात ताकात होते, ते तिथेच थांबले. “तुला कोणी सांगितलं हे?”

“आमच्या म्हाताऱ्याने.”

“कुठे असतो तो?”

“तो तर मी पोरगी होते तेव्हाच वारला,” बाई म्हणाली. तिने मागे, अंगणाबाहेरच्या रस्त्याकडे बघितलं, जिथे कोणीही नव्हतं. “चालेल ना? ते सगळे आलेतच बरोबर.”

म्युरेनने हात पुसले, खुंटीवरचं कांबळं घेतलं, आणि दार ओढून घेऊन तिच्या पुढे चालायला लागली. मागे तिने बघितलं नाही.